आक्काची झील

हिर्डोशीहून फोन आला की आवाज तुटत तुटत येतो. निम्मं वाक्य पोचतं, निम्मं डोंगरात राहतं, म्हणून आम्ही एकच गोष्ट दोनदा, तीनदा सांगतो. त्या दिवशी मी वरव्याला लेकीच्या घरी होते. ती बाळंत होऊन पंधरा दिवस झाले होते आणि मी मागच्या दाराला दुपटी वाळत घालत होते. फोन आमच्या ह्यांचा. "आक्का गेली," ते म्हणाले. "सकाळी चहा ठेवला आणि तिथंच चुलीपुढं कलंडली. भोरला न्यायला गाडी आणली, पण…" एक शब्दसुद्धा तुटला नाही. एवढा स्वच्छ फोन हिर्डोशीहून मला कधी आला नव्हता. मी वाट बघत राहिले, की आता खरखर होईल, आता मला म्हणता येईल, काय म्हणालात, ऐकू नाही आलं… पण पलीकडं ते रडायला लागले आणि तेही नीट ऐकू आलं.

मी पोचले तेव्हा ओटीवर माणसं बसली होती आणि सगळी हळू बोलत होती. मला ते फार विचित्र वाटलं. आमच्या घरात गेली तीन वर्षं कुणी हळू बोललेलं नव्हतं. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, सुमन. तिचा आवाज वरच्या आळीपासून खाली ओढ्यापर्यंत जायचा. मला हाक मारायची ती घरातून, आणि शेजारच्या तिघी बायका बाहेर येऊन बघायच्या. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती सारोळ्याला गेली, नीरेच्या पुलाजवळ. तिथं हायवेच्या कडेला तिनं तीस वर्षं काकड्या, शेंगा आणि भाजलेली कणसं विकली. ट्रक जात असताना गिऱ्हाइकाशी बोलायचं तर आवाज चढवावाच लागतो, आणि ट्रक काही थांबत नाहीत. मग आवाज चढलेलाच राहिला. नवरा गेला, रस्ता रुंद झाला, कडेची जागा रस्त्यात गेली. मुलगा संतोष पुण्याला नोकरीला, त्यानं आईला फ्लॅटवर नेलं. चार महिन्यांत ती पिशवी घेऊन माहेरी आली. म्हणाली, तिथं भिंतीपलीकडच्या माणसाला झोप लागावी म्हणून आपण कुजबुजायचं, माझ्या गळ्याला गाठी बसल्यात.

मी तिच्या अगदी उलट. चार माणसांत मला बोलता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढची शाळा लांब होती. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनाही वाटलं होतं की ही मुकी आहे की काय. पण भाताच्या खाचरात उभी राहिले, पाठ वाकली, तोंड चिखलाकडं गेलं, की माझा आवाज आपोआप निघायचा. तिथं माझ्याकडं कुणी बघत नसतं. लावणीची गाणी मला सासूबाईंनीच दिली. शिकवली असं नाही. त्या एक ओळ म्हणायच्या, आणि शेजारी वाकलेल्या बाईनं तीच ओळ मागून म्हणायची, त्याला आमच्याकडं झील म्हणतात. झील संपेपर्यंत पुढची दम घेते, पुढची ओळ मनात जुळवते, हातातली रोपं लावते. वीस वर्षं मी त्यांच्या शेजारी वाकून झील दिली. त्या गेल्यावर ओळ माझ्याकडं आली.

आक्का माहेरी आली त्या पहिल्या पावसाळ्यात ती माझ्या शेजारी लावणीला उभी राहिली. मी तोंड खाली घालून सुरू केलं…

वरंध्याच्या घाटामंदी धुकं बसलं खाली,
माझ्या बंधवाची गाडी दिव्याविना आली…

आणि शेजारून झील आली ती एवढी मोठी की मी दचकून रोपं सोडली. आक्का सरळ उभी राहिली होती. दोन्ही हातांना चिखल, तसाच तिनं कपाळावरचा केस मागं घेतला. "ही माझ्या आईची हाय," ती म्हणाली. "मला येती ही. तू म्हटलीस आणि मला आली." त्या दिवशी संध्याकाळी ती चुलीपुढं बसून आठवायला लागली. एक ओळ आठवेना. लहानपणी ती आईच्या शेजारी वाकायची ती झीलच द्यायला. पुढची ओळ कधी तिनं उचललीच नव्हती. त्यामुळं कुणी ओळ दिली की तिला सगळं यायचं, शब्दाला शब्द, आणि कुणी नाही दिली तर काहीच नाही. मला म्हणाली, "मंदे, तू उद्या मेलीस तर माझी आई गेली." आम्ही दोघी हसलो. वय तिचं माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी जास्त.

तिथून तिनं ध्यास घेतला की ही गाणी धरून ठेवायची. आधी मोबाईल. घरात बसवायची मला, मोबाईल पाटावर उभा करायची, आणि म्हणायची, म्हण. मला खोकला यायचा. पाणी प्यायले तरी खोकला. एकदा तिनं मोबाईल पिठाच्या डब्यामागं लपवला आणि मला सहज म्हणून दळण निवडायला बसवलं. मला कळलं, कारण ती गप्प बसली होती, आणि ती कधी गप्प बसत नसे. शेतात मोबाईल आणायचा तर हात चिखलात, वरून पाऊस. धरणार कोण?

संतोषनं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना आईला आणून दिला. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, पट्ट्यानं कपाळावर बांधायचा. डोंगरावर पळणारी, सायकली मारणारी माणसं बांधतात तसला. दोन्ही हात मोकळे. आक्का माझ्या शेजारी वाकायची, तिचं डोकं माझ्याकडं वळलं की मी त्यात दिसायचे. आणि मला तो कॅमेरा आहे असं वाटतच नसे, ती आक्काच असायची. आमच्याकडं लावणी सावडीनं होते, म्हणजे आज सगळ्या माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. त्यात पारूमावशी असायच्या, आळीतल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आक्काला विचारलं, "सुमे, दिवसाढवळ्या कपाळाला बॅटरी लावलीस, खाचर दिसंना व्हय तुला?" आक्का म्हणाली, "मावशे, तू दिसाया नको म्हणून लावलीया." अर्धा दिवस त्याच्यावर हसण्यात गेला.

त्या वर्षी आठ-दहा दिवस कॅमेरा चालला आणि आम्हाला वाटलं, झालं. दिवाळीला संतोष आला, त्यानं लॅपटॉपवर लावलं. चित्र सुरेख. माझे हात, रोपं, पाण्यावर पडणारे थेंब, मागं ढगात गेलेला डोंगर. पण आवाज… आधी तर सगळं रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं. पाऊस म्हणून आम्ही कॅमेरा त्याच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवला होता, त्यानं आवाज आतच कोंडला. एक दिवस डबी काढली होती, तर वारा भरारा, टेम्पोच्या मागच्या ताडपत्रीसारखा. आणि आक्काच्या डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ, ती पट्ट्यावर घासायची आणि सारखं चुरूचुरू. या सगळ्यातून माणसाचा म्हणून जो आवाज वर यायचा तो एकटा आक्काचा. कॅमेरा तिच्याच कपाळावर, तोंडापासून चार बोटांवर. मी ओळ म्हणतेय तेव्हा माझे ओठ हलताना दिसायचे आणि ऐकू काही यायचं नाही. मग आक्काची झील यायची ती अशी की लॅपटॉपचा आवाज फाटायचा.

संतोष हसत हसत म्हणाला, "आई, मामी कुठंय ह्यात? तूच हायेस सगळी." आक्का हसली नाही. तिनं परत लावायला सांगितलं, परत ऐकलं, कान पुढं करून. मग म्हणाली, "पूस सगळं. माझं बोंबलणं कशाला ठेवायचं." त्यानं विचारलं, ठेवू का थोडं तरी? कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं होतं, पुढच्या पावसाळ्याला जागा हवी होती. त्यानं माझ्याकडंही बघितलं. मी मान हलवली, पूस म्हणून. मला तर बरंच वाटलं होतं. माझं गाणं कुठं राहिलं नाही, कुणी ऐकणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं… आता ती मान मला सारखी आठवते. कुणी एवढं मोठं काही माझ्या मानेवर ठेवलं होतं आणि मी ती सहज हलवली.

पुढचा पावसाळा यायच्या आत आक्कानं संतोषला फोनवर धरून एकेक गोष्ट विचारून घेतली. ती दुसरीपर्यंतच शिकलेली, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं. मी वहीत लिहीत गेले. डबी काढायची, हा कॅमेरा नुसत्या पावसाला दाद देत नाही, फक्त त्याचं झाकण घट्ट हवं. आवाज जातो ती बारीक भोकं आहेत, तिथं पाणी बसलं तर झटकायचं. भोकांवर लोकरीचा किंवा स्पंजाचा तुकडा, म्हणजे वारा त्यातच अडकतो. पाठ वाऱ्याकडं. मामीच्या गळ्याशी वेगळा माईक, तोंडापासून वीतभर, त्याची वायर कमरेच्या मोबाईलला, मोबाईल पिशवीत. सुरू करताना एक टाळी, म्हणजे मोबाईलचा आवाज आणि कॅमेऱ्याचं चित्र नंतर जुळवता येतं. एवढं सांगून तो थांबला. मग म्हणाला, "आणि आई… तू म्हणायचं न्हाई. तुझा आवाज लई मोठा हाय, तो मामीच्या माईकमधी पण घुसणार. झील नको."

मी पेन थांबवलं. आक्कानं माझ्या वहीकडं बोट केलं, लिही म्हणून. मी लिहिलं. फोन ठेवल्यावर मी तिला म्हटलं की झिलेशिवाय गाणं होत नाही, मला दम कुठं मिळणार, आणि तुलाही किती वाटतं म्हणायला. ती चुलीत लाकूड सारत होती. म्हणाली, "मला आईचे शबूद पायजेत. माझा आवाज घिऊन काय करू, त्यो माझ्यापाशी हायच की."

लोकरीचा तुकडा तिनं जुन्या घोंगडीच्या कोपऱ्यातून कापला, आणि पहिल्या दिवशी आम्ही तो असा बांधला की दोन तासांचं चित्र काळ्या गवतातून बघितल्यासारखं आलं. मग माझ्या लेकीची लहानपणची कानटोपी निघाली, तिचा तुकडा बसला. प्लास्टिकची खोळ वाजते म्हणून आक्कानं ती टाकली आणि घोंगडीच डोक्यावर घेतली, आमच्या सासूबाई घ्यायच्या तशी. घोंगडी भिजली की जड होते, मान दुखते, पण वाजत नाही. मलाही तिनं घोंगडी दिली, आत गळ्याशी माईक. पारूमावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या दोघी म्हाताऱ्या व्हायची घाई करत्यात." पाठ वाऱ्याकडं करायची तर सगळ्या बायकांनी खाचराच्या दुसऱ्या बांधावरून लावणी सुरू करायला हवी होती, कारण आमच्याकडं वारा घाटाकडून येतो. त्यावरून कुरकुर झाली. आक्कानं सगळ्यांना समजावलं, म्हणजे ओरडली, आणि बायका वळल्या. मग तिनं टाळी वाजवली. तिची बघून पारूमावशींनी वाजवली, आणि मग ओळीतल्या सगळ्यांनी. कुणीतरी विचारलं, आरती सुरू झाली का? मोबाईलवरून तो आवाज पाठवला, तर संध्याकाळी संतोषचा फोन, "मामी, ह्या टाळ्या किती जणींच्या? मला एकच पायजे व्हती."

पण खरी अडचण झिलेची होती. मी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. शेजारून काही आलं नाही. नुसतं पाणी. मला पुढची ओळ सापडेना. सासूबाई होत्या तेव्हा मी त्यांच्या मागं, मग मी पुढं तर आक्का माझ्या मागं, या गाण्यात मी एकटी कधी नव्हतेच. तीनदा सुरू केलं, तीनदा अडकले. आक्कानं कंबर सरळ केली नाही. तशीच वाकून तिनं मान माझ्याकडं वळवली आणि नुसते ओठ हलवून ती ओळ म्हटली. आवाज नाही. पण प्रत्येक शब्द तिच्या ओठावर दिसत होता, कुठं लांबवायची तिथं लांबवलेला, शेवटी मान जराशी खाली, तिची सवय होती तशी. तिची मान खाली आली आणि माझी पुढची ओळ निघाली.

मग तसंच ठरून गेलं. मी ओळ म्हणायची, तिच्या ओठांकडं बघायचं, ती मनात झील द्यायची, तिची संपली की मी पुढं. हात आपापलं काम करायचे. एवढा मोठा आवाज असलेली बाई, आणि सबंध लावणीभर ती माझ्या शेजारी मुकी राहिली. सारोळ्याला ट्रकांवर आवाज चढवणारी. एकदा, अगदी तिच्या आवडीच्या ओळीला, बहीण नदीपलीकडून भावाला हाक मारते त्या, तिच्या तोंडातून शब्द निघाला. लगेच तिनं चिखलाचा हात तोंडावर दाबला. दिवसभर तोंडाला चिखल वाळलेला होता आणि ती स्वतःवरच चिडलेली. मला म्हणाली, एवढी चांगली म्हणत होतीस आणि म्या घाण केली. ते गाणं तिनं पुसायला लावलं आणि आम्ही दुसऱ्या दिवशी परत घेतलं. सगळी मिळून बावीस गाणी झाली.

या दिवाळीला संतोषनं तिला कानात घालायची बोंडं दिली आणि मोबाईलवर पहिलं गाणं लावलं. आवाज नुसता मोबाईलवरचा, माझ्या गळ्याशी असलेल्या माईकचा. आक्का उंबऱ्यावर बसली होती. तिनं डोळे मिटले. मी आत पळाले, मला माझा आवाज कुणी ऐकतंय हे बघवत नव्हतं. बऱ्याच वेळानं बाहेर आले तर ती तशीच. कानातून बोंडं काढून तिनं माझ्याकडं बघितलं. "एकूण एक शबूद कळतोय," ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात नाही, हळू. "मंदे, तुझा आवाज आईसारखा झालाय. तुला कुणी सांगितलं न्हाई कधी?" मला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पुन्हा बोंडं कानात घातली आणि मी तिच्या शेजारी बसून राहिले. तिला ऐकू येत होतं, मला नाही. ती ओठ हलवत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी वरव्याला गेले. एसटीत बसेपर्यंत ती फाट्यावर उभी होती. गाडी सुटली तरी काहीतरी सांगत होती, आणि गाडीतली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती म्हणून मी खिडकी लावून घेतली…

ती गेल्यावर माझ्या कानाला काहीतरी झालं. घरात भांडं पडलं तरी लांब पडल्यासारखं वाटायचं. सकाळी हाक येत नाही म्हणून मला जाग उशिरा यायची. मी कॅमेऱ्यात शोधलं, मोबाईलमध्ये शोधलं. तिचा आवाज कुठंच नव्हता. पहिल्या वर्षीचा पुसलेला. मोबाईलवर ती कधी मला संदेश बोलून पाठवत नसे, घरातून हाक मारली की पुरायचं. बावीस गाणी होती, त्यात सगळीकडं मी. तिला तिची आई मिळाली होती, शब्दाला शब्द. मला आक्का कुठं मिळावी? त्या वेळी मी तिला म्हणायला हवं होतं की म्हण, फाटू दे आवाज, एकदा तरी म्हण.

महिना झाला तेव्हा संतोष पुन्हा आला. विधी आटोपला, जेवणं झाली, पाहुणे गेले. दुपारी तो ओटीवर लॅपटॉप घेऊन बसला आणि मला हाक मारली. आईची इच्छा म्हणून त्यानं गाणी नीट जुळवायला घेतली होती, चित्र आणि आवाज, सगळ्यांना बघता येतील अशी. पहिलं गाणं लावलं. माझा आवाज आला, ओळ संपली, आणि लगेच पुढची ओळ. चित्रात माझं तोंड एकदम झटका बसल्यासारखं हललं. पुन्हा ओळ, पुन्हा झटका. मी विचारलं, हे असं का होतंय.

"मधल्या रिकाम्या जागा कापल्यात, मामी," तो म्हणाला. "दर ओळीनंतर तू गप्प बसलीयास. तेवढा वेळ माणूस थांबत न्हाई, पुढं जातंय. आता बघ कसं सलग झालं."

मी आयुष्यात कुणाला नको म्हटलेलं नाही. सासरी नाही, माहेरी नाही. संतोष शिकलेला, त्यानं रात्रंदिवस बसून काम केलेलं, आणि त्याचीच आई गेलेली. पण मी त्याला म्हटलं, "कापू नको. ती जागा रिकामी न्हाई. तिथं आक्का म्हणतीया."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला सांगितलं, ओठांचं सांगितलं, मान खाली यायची ते सांगितलं. त्याला हे माहीतच नव्हतं. तो पुण्यात, आम्ही चिखलात. त्यानं न कापलेलं गाणं उघडलं. ओळ संपली. चित्रात मी काम करता करता वर बघितलं, कॅमेऱ्याच्या जरा खाली, आणि बघत राहिले. पावसाचे थेंब, पाणी. मी कुणाच्या तरी तोंडाकडं बघतेय हे आता त्यालाही दिसत होतं. मग चित्रातल्या मीनं पुढची ओळ उचलली. संतोषनं ते तसंच पुढं चालू दिलं. पुढच्या जागेशी आला, पुन्हा तेच. तिसऱ्या जागेशी त्यानं थांबवलं.

लॅपटॉपवर खाली दोन पट्ट्या होत्या. त्यानं मला समजावलं की वरची माझ्या माईकची, आणि खालची कॅमेऱ्याची स्वतःची. टाळी जुळवायला ती लागते, नंतर तो ती बंद करून ठेवतो, कारण तिच्यात वारा असतो. "बघू या," तो म्हणाला, मला नाही, स्वतःलाच. वरची बंद केली, खालची उघडली आणि आवाज वाढवला. वारा आला, कानटोपीनं अडवलेला, तरी होता. पाणी. पायांचा चिखलातून निघण्याचा आवाज. माझी ओळ, लांबून, बांधापलीकडून यावी तशी. ओळ संपली. आणि मग अगदी जवळ, कानाशी यावा तसा, श्वास आत घेतल्याचा आवाज. म्हणायच्या आधी घेतात तसा पुरता. मग तो हळूहळू सुटत गेला, ओळ जेवढी लांब तेवढा, लांबवायच्या जागी रेंगाळत, शेवटी थोडा थरथरत. गाणं होतं ते. नुसता आवाज नव्हता.

संतोषनं तेवढंच परत लावलं. आणखी एकदा लावलं. नंतर त्यानं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला आणि उठून अंगणात गेला. मी त्याच्या मागं गेले नाही.

जाताना त्यानं दोन्ही माझ्या मोबाईलवर घालून दिली. स्वच्छ आवाजाची गाणी, जागा न कापलेली, आणि नुसत्या कॅमेऱ्याच्या आवाजाची. स्वच्छ गाणी आळीतल्या बायकांनी ऐकली, पारूमावशींनी मान डोलावून ऐकली, सारोळ्याच्या भावकीतही गेली. आक्काला हवं होतं ते झालं. शब्दन् शब्द कळतो. लोक मला सांगतात आणि मी पदर तोंडावर घेते.

दुपारी घरात कुणी नसलं की मी दुसरी लावते. दोन पावसाळे आम्ही ज्या आवाजाशी भांडलो तोच. घोंगडीवर पडणाऱ्या पावसाचं टपटप, वारा, चिखल, माझी कुठून तरी येणारी ओळ… आणि शेजारी आक्का दम घेते. मी मध्ये काही म्हणत नाही. तिचा श्वास पुरता सुटेपर्यंत हातातलं काम तसंच धरून बसते, आणि तो संपला की पुढची ओळ मनात उचलते.